जुन्या प्लेटिंग शॉपचा प्लॉट: मातीच्या रिपोर्टमधलं तांबं आणि क्रोमियम कितपत मनावर घ्यायचं?

पायाभरणी (प्रश्न)

चाकणजवळ २० गुंठ्यांचा खाजगी प्लॉट. आधी तिथे क्रोम-निकेल प्लेटिंगचं शेड होतं, आता कोबा आणि टाक्यांचे खड्डे उरलेत. पार्किंगच्या तळघरासाठी साडेतीन मीटर खोदाई आहे, साधारण ४,२०० घनमीटर माल निघेल. एसबीसीसाठी (जमिनीची भार पेलण्याची क्षमता) तीन बोअर घेतले: वर दीड मीटर काळी माती, साडेचार मीटरपर्यंत मुरूम, खाली पाषाण. लॅबने त्या तिन्ही बोअरची वरची माती एकत्र कालवून एकच नमुना तपासला. एकूण क्रोमियम १६०, तांबं २१०, निकेल ९५ मिग्रॅ/किलो. सल्लागाराचं म्हणणं, तांबं डच यादीच्या (नेदरलँड्सच्या माती-प्रदूषणाच्या मर्यादा) १९० च्या वर आहे, म्हणून सगळी माती घातक कचरा. क्रोमियम १८० च्या आत, ते ठीक. आवारातल्या बोअरवेलच्या पाण्यात क्रोमियम 'बीडीएल' (लॅबच्या मोजमर्यादेखाली).

एवढी सगळी माती खरंच रांजणगावला, घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायची का? आणि हेच बोअरचं पाणी काँक्रीटला चालेल का?

---

मुरूमखडक

सल्लागाराने नेमकं उलटं वाचलंय. तांब्याने घाबरायचं कारण नाही, आणि क्रोमियम 'ठीक' म्हणायला अजून आधार नाही.

आपला बेसॉल्ट मुळातच तांब्याने श्रीमंत आहे. दख्खनच्या खडकात दीडशे-दोनशे मिग्रॅ/किलो तांबं नैसर्गिकच सापडतं, आणि त्याच्यापासून झालेल्या काळ्या मातीत ते उतरतं. नेदरलँड्सची जमीन वाळू, गाळ आणि पीटची. तिथला आकडा इथे लावला तर शेजारचं उसाचं शेतही 'दूषित' निघेल. शिवाय डच यादी आपल्याकडे कायदा नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम काढलेत, अहवालात तुलना त्यांच्याशी हवी. सोबत पार्श्वभूमीचे नमुने हवेत: प्लॉटबाहेर, चढाच्या बाजूला, जिथे कधी शेड नव्हतं तिथून किमान तीन. काळ्या मातीची तुलना काळ्या मातीशी आणि मुरमाची मुरमाशी करायची.

आता कालवलेला नमुना. समजा एका बोअरला ३०० होतं आणि दोन ठिकाणी ९०. सरासरी १६०, आणि दोष दिसेनासा. एसबीसीचे बोअर कॉलमच्या जागा बघून घेतात, टाक्यांच्या जागा बघून नाही. क्रोम टाकीचा खड्डा, धुण्याच्या टाक्यांची नाळी, चेंबरचे सांधे, ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा) संप, गाळ वाळवायची जागा, ॲसिडचे ड्रम ठेवायची भिंत आणि उताराचा कोपरा, एवढ्या ठिकाणी वेगवेगळे नमुने घ्या. जुन्या कामगाराला विचारलंत तर रेक्टिफायर (टाक्यांना डीसी वीज देणारी यंत्रं) कुठे होते, तेही कळतं.

खोली: कोब्याच्या लगेच खाली, मग अर्धा मीटर, दीड मीटर (काळी माती संपते तिथे) आणि मुरूम-पाषाणाच्या सांध्यावर. शेवटचा नमुना कोणी घेत नाही, खरा माल तिथेच असतो. सहा संयुजेचं (हेक्झाव्हॅलंट) क्रोमियम पाण्यात ऋण आयन म्हणून राहतं. काळ्या मातीचे कणही ऋणभारित, त्यामुळे ते धरून ठेवत नाहीत. उन्हाळ्यात मातीला भेगा पडल्या की पाणी थेट खाली मुरमात उतरतं. निकेल मात्र बऱ्यापैकी वरच अडकतं. म्हणून वरच्या मातीत निकेल वाढलेलं आणि क्रोमियम साधारण दिसलं, तर क्रोमियम नव्हतंच असं समजू नका.

---

ब्युरेट

वरच्याला लॅबची बाजू जोडतो. 'एकूण क्रोमियम' ही चाचणी इथे जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण बेसॉल्टमधलं क्रोमियम तीन संयुजेचं, खनिजात बंद असतं. मागायचं ते मातीतलं हेक्झाव्हॅलंट: अल्कली डायजेशन (ईपीए पद्धत ३०६०ए), मग डायफेनिलकार्बाझाइड टाकून ५४० नॅनोमीटरला रंग वाचणं. अडीच ग्रॅम ओली माती, ५० मिली कार्बोनेट-हायड्रॉक्साइडचं द्रावण, ९० ते ९५ अंशांवर किमान एक तास.

बिघडतं ते असं. नेहमीच्या सवयीने पोरं माती ओव्हनमध्ये वाळवतात. ही माती ओलीच ठेवायची, ४ अंशांना, आणि ३० दिवसांत डायजेशनला लावायची. प्रत्येक बॅचमध्ये ठरलेलं क्रोमियम मिसळलेला स्पाइक हवा. रिकव्हरी ७५ ते १२५ टक्क्यांत नसेल तर 'आढळलं नाही' या शब्दांना किंमत नाही. मातीतल्या सेंद्रिय द्रव्याने किंवा फेरस लोहाने ते क्षपण झालेलं असू शकतं.

पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. धातूंसाठी जागेवरच ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून मग नायट्रिक, पीएच २ च्या खाली. आधी ॲसिड आणि नंतर गाळणी केली तर गढूळपणातली माती विरघळते आणि कागदावर 'विद्राव्य' धातू उगवतात. हेक्झाव्हॅलंटच्या बाटलीत ॲसिड अजिबात नाही, थंड ठेवून २४ तासांत वाचन. प्लेटिंग म्हटलं की सायनाइडही बघा: त्याला सोडियम हायड्रॉक्साइड, पीएच १२ च्या वर. ती बाटली आणि ॲसिडची बाटली गडबडीत अदलाबदल झाली तर विषारी वायू सुटतो, लेबल आधी लावा.

आणि ते 'बीडीएल'. पुढे डिटेक्शन लिमिट किती लिहिलंय? पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये एकूण क्रोमियम ०.०५ मिग्रॅ/लि. आहे. लॅबचं लिमिट ०.१ असेल तर त्या बीडीएलला काही अर्थ नाही. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) लोगो पुरेसा नाही, स्कोपमध्ये (मान्य चाचण्यांच्या यादीत) 'माती' आणि ही विशिष्ट चाचणी दोन्ही आहे का ते बघा.

---

पायाभरणी

डिटेक्शन लिमिट ०.१ च आहे. बोअरवेल ६० मीटर खोल, केसिंग ९ मीटर. मग मातीचं वर्गीकरण कसं करू?

---

डेब्रिज

तीन ढीग करा, कागदावर आणि जागेवरही.

पहिला: ईटीपीचा गाळ, टाकीच्या तळाचा चिखल. घातक कचरा नियम २०१६ च्या अनुसूची १ मध्ये धातू-पृष्ठ प्रक्रियेचा (क्र. १२) आणि सांडपाण्याच्या रासायनिक गाळाचा (३५.३) उल्लेख आहे, उगमावरूनच तो घातक ठरतो. फॉर्म १० च्या मॅनिफेस्टशिवाय गाडी हलवू नका.

दुसरा: कोबा आणि प्लिंथ. फोडायच्या आधी तपासा. टाकीशेजारच्या सांध्यात, फोडलेल्या कडेला पिवळा-हिरवट पट्टा दिसतो, कोरड्या दिवसात त्यावर पिवळसर क्षार फुलतात. एवढा भाग कापून वेगळा काढला तर बाकीचा साधा राडारोडा राहतो. जेसीबीने सरसकट फोडलंत की सगळंच संशयित.

तिसरा: माती. इथे टीसीएलपी, म्हणजे मातीतून किती धातू पाझरतो ते बघणारी चाचणी. ९.५ मिमीपेक्षा बारीक माल, वजनाच्या २० पट ॲसेटिक द्रावण, १८ तास ३० आरपीएमवर फिरवायचं. क्रोमियमची मर्यादा ५ मिग्रॅ/लि. खर्च वाचवायचा तर आधी एकूण आकड्याला २० ने भागा. सगळं विरघळलं तरी तेवढंच उतरेल. तुमचे १६० भागिले २० म्हणजे ८, पाचच्या वर, तेव्हा चाचणी लागेल. १०० च्या आत असतं तर क्रोमियमपुरतं गणितावर भागलं असतं. प्रत्येक ढिगाचे वेगळे नमुने, ताडपत्रीवर आणि ताडपत्रीखाली. पावसाळ्याआधी.

---

मुरूमखडक

ढिगांचं पटलं, पण एक भर: टीसीएलपी पास म्हणजे माती प्लॉटवर भरावाला चालते असं नाही. ती चाचणी लँडफिलच्या दृष्टीने आहे. तळघराच्या भिंतीला टेकणाऱ्या पाण्याचा निर्णय मातीतल्या हेक्झाव्हॅलंटवर आणि उथळ पाण्यावर घ्या.

उथळ पाणी तुम्ही तपासलेलंच नाही. ६० मीटरवरचा पंप खोल फटींचं पाणी देतो. मुरमात ५ मीटरचे दोन-तीन निरीक्षण बोअर, ५० मिमी जाळीचा पाइप, वर बेंटोनाइटचा बूच. त्या पाइपात दर मीटरला जेमतेम २ लिटर पाणी बसतं. अर्धा लिटर प्रति मिनिटाच्या आतच उपसा. पीएच ०.१ च्या आत आणि कंडक्टिव्हिटी ३ टक्क्यांच्या आत सलग तीन वाचनं स्थिर झाली की नमुना. बेलरने (दोरीला बांधलेल्या नळीने) ढवळलंत तर गाळच तपासाल. जुनी बोअरवेल ठेवायची नसेल तर खोदाईआधी तळापासून ग्राउट करा, नाहीतर तीच वरचं पाणी खाली नेणारी नळी होते. खोदाईत उपसलेलं पाणी रिपोर्ट येईपर्यंत गटारात नाही, टाकीत.

काँक्रीटसाठी आयएस ४५६: पीएच ६ पेक्षा कमी नको, आरसीसीला क्लोराइड ५०० पर्यंत, सल्फेट ४०० मिग्रॅ/लि. हे ४०० एसओ३ म्हणून आहे. लॅब बहुधा एसओ४ देते, त्याला ०.८३ ने गुणा. इथे गंधकाम्ल आणि निकेल सल्फेट वापरलेलं असणार, म्हणून पाण्याइतकंच पायाच्या पातळीवरच्या मातीतलं सल्फेटही मागा. एसओ३ ०.२ टक्क्यांच्या वर निघालं तर फुटिंगसाठी सिमेंटचा प्रकार आणि ग्रेड त्याच संहितेच्या तक्ता ४ मधून ठरवायचा. आरएमसीची (तयार काँक्रीटची) ऑर्डर त्यानंतर.