मदत हवी आहे : बेडफर्ड स्क्वेअरमधली घरं आतून कशी जोडली?

नमस्कार मंडळी, लंडनमध्ये आर्किटेक्चर शिकलेलं किंवा काम केलेलं कुणी आहे का इथे?

बेडफर्ड स्क्वेअर म्हणजे लंडनमधला, चारही बाजूंनी घरांच्या ओळी असलेला चौक, साधारण १७७५ ते १७८३ मधला. भिंतीला भिंत लावून उभी विटांची घरं; प्रत्येक बाजूच्या मधल्या भागाला तेवढा गिलावा आणि वर त्रिकोणी शिखर, म्हणजे अख्खी ओळ एकच मोठा वाडा वाटावी. दारांच्या कमानींवर कोड स्टोनचे दाढीवाले चेहरे. (नावाला स्टोन, प्रत्यक्षात भट्टीत भाजलेली माती!)

आता तिथे बहुतेक ऑफिसं आहेत. आर्किटेक्चरल असोसिएशनची शाळाही १९१७ पासून तिथेच, शेजारशेजारच्या घरांत.

अशी शेजारची घरं आतून कशी जोडतात, माझा सेमिनार नेमका याच विषयावर आहे. सामाईक भिंतीत दार पाडलं की पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्याची शेकोटी, छताचं नक्षीकाम यांचं काय करतात? प्रत्येक घराला स्वतंत्र जिना. ते सगळे ठेवतात का? इमारती ग्रेड वन (वारसा म्हणून जपायच्या इमारतींची सर्वात वरची श्रेणी) आहेत, त्यामुळे वाट्टेल तशी तोडफोड चालत नसणारच. पण लिफ्ट, वायरिंग, टॉयलेट कुठे बसवतात?

कुणाकडे आतले फोटो किंवा प्लॅन असतील तर प्लीज पाठवा. बाहेरचे नकोत, ते ढीगभर जमलेत.