मदत हवी आहे : तपास आणि संवाद एकाच अधिकाऱ्याकडे असताना गावाचा विश्वास कसा टिकवावा?

आमच्या गावातील वन्यजीव समितीचे काम मी पाहतो. परिसरासाठी संरक्षण अधिकारी एकच असून शिकारीचा तपास, पीकनुकसानीची पाहणी आणि जनजागृती ही तिन्ही कामे त्यांनाच करावी लागतात. अडचण अशी की, बांधाच्या कडेला दुचाकीच्या क्लच वायरची फासकी दिसली तरी लोक आता कळवत नाहीत, कारण कळवणाऱ्याचीच चौकशी आधी होते. (फासकी सावज निवडत नाही, तीत गुरेही अडकतात, हे सर्वांना ठाऊक आहे.)

निनावी सूचनापेटी ठेवून पाहिली. पण लहान गावात अक्षरावरून माणूस ओळखला जातो, त्यामुळे ती रिकामीच राहिली. अधिकाऱ्यांनी संध्याकाळी बैठकाही घेतल्या, मात्र ते गणवेशात आल्याने त्यांना चौकशीचेच स्वरूप आले.

दुसरा कर्मचारी मिळणे सध्या शक्य नाही, आणि अधिकाऱ्यांनी गुन्ह्याकडे काणाडोळा करावा असाही आमचा आग्रह नाही. पद्धत बदलायला ते स्वतः तयार आहेत. तेव्हा सापडलेली फासकी समितीनेच काढून, जागेचे छायाचित्र व दिनांक यांसह, सांगणाऱ्याचे नाव न घेता त्यांच्याकडे सोपवण्याची रीत कोणी राबवली आहे का, आणि फासकी जागेवरून हलवल्याने पुढे पुरावा कितपत कमकुवत ठरतो?