नवं हार्डवेअर बसवल्यावर गेम अडखळतोय? कुठे काय तपासायचं ते इथे लिहा

ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर किंवा रॅम बदलल्यावर गेम आधीपेक्षा हळू चालतो, ही तक्रार वरचेवर येते. बहुतेक वेळा नवा भाग खराब नसतो, तो पूर्ण ताकदीने चालत नसतो. ज्यांचा या कामावर हात बसलाय त्यांनी काय तपासायचं ते आकड्यांसकट लिहावं. ‘विंडोज परत टाका’ एवढाच सल्ला मात्र नको.

*

आधी मोजा, मग हात लावा. आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरचा ओव्हरले (गेमवरच दिसणारे आकडे) सुरू करून गेममध्ये ग्राफिक्स कार्डचा वापर, क्लॉक (चालण्याचा वेग), तापमान आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर पाहा. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल आणि क्लॉकही पूर्ण असेल, तर ते आपलं काम करतंय, सेटिंग जड आहे. नवं कार्ड दिसल्यावर काही गेम स्वतःच वरचा प्रीसेट (तयार सेटिंग) लावतात, तेही बघून घ्या. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि फ्रेम्सही (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी, तर अडथळा दुसरीकडे आहे. खात्रीसाठी रिझोल्यूशन १४४०पी वरून १०८०पी करा. फ्रेम्स जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय.

टास्क मॅनेजर एकूण वापर ४० टक्के दाखवतो म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असं समजू नका. गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर अडकलेला असू शकतो.

*

फ्रेम्स बरोबर ६० वर खिळल्या असतील तर व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) किंवा जुनी फ्रेम लिमिट बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डलाच हवी, मदरबोर्डला नाही. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेटही (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) पाहा. कार्ड बदलल्यावर तो ६० हर्ट्झवर आलेला असू शकतो.

*

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष रॅमकडे होतं. प्रोसेसर बदलला किंवा बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला की एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग, बंद होऊ शकतो. मग ३६००ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालते आणि ६०००ची डीडीआर५ बऱ्याचदा ४८०० वर. डीडीआर४वाल्या रायझन प्रोसेसरमध्ये आतल्या फॅब्रिकचा (त्याचे भाग जोडणाऱ्या वाटेचा) वेगही रॅमशी बांधलेला असतो, त्यामुळे फटका दुहेरी बसतो. रॅमचा वेग दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये आकडा निम्मा दिसतो. १८०० दिसलं म्हणजे ३६००, त्यात बिघाड नाही.

चार खाचा आणि दोन पट्ट्या असतील तर साधारणपणे प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी खाच वापरतात, तरी मदरबोर्डचं मॅन्युअल बघाच. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर सिंगल चॅनेल होतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वाटेने चालतात, आणि सरासरी फ्रेम्सपेक्षा झटके जास्त जाणवतात. डीडीआर५वर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेतो ते) चालू असतं, तेवढ्यात पॉवर बंद करू नका.

*

कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे? खालचा लांब स्लॉट दिसायला एक्स१६ (१६ लेनचा, म्हणजे डेटाच्या १६ वाटांचा) असला तरी बऱ्याच बोर्डांवर आतून एक्स४च असतो. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमधली बस इंटरफेसची ओळ पाहा, पण शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवूनच. कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवायला पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड आणि बोर्ड यांच्या जोडणीची) संथ १.१ आवृत्ती दाखवतं आणि लोक उगाच घाबरतात.

आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या कार्डांना मुळातच चार लेन आहेत. अशी कार्डं पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर मार खातात, विशेषतः व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरल्यावर. तिथे टेक्स्चर एक पायरी खाली आणणं हाच खरा उपाय.

*

एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं लावलं असेल तर जुना ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये काढा. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा आणि इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकतं. त्यानंतर पहिल्या खेळात थोडे झटके बसतील, कारण शेडर कॅशे (कार्डासाठी तयार करून साठवलेला ग्राफिक्सचा कोड) नव्याने बनतो. तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

*

पाचेक मिनिटं गेम चांगला चालून मग फ्रेम्स पडतात, तेव्हा तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे वेग कमी केल्याची) नोंद दिसते. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म राहिली आहे का, चारही स्क्रू सारखे आवळलेत का, लिक्विड कूलरचा पंप फिरतोय का, हे तपासा. कार्डाला दोन ८-पिन कनेक्टर असतील तर एकाच केबलचे दोन फाटे न लावता वेगळ्या दोन केबल द्या. एका ८-पिनची मर्यादा १५० वॉट असते.

*

रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा, इंटेल आर्क कार्डांना तर ते हवंच. त्यासाठी बायोसमध्ये अबव्ह ४जी डीकोडिंग चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद लागतं. डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीच्या मांडणीची) असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही, आधी ती जीपीटी (नवी मांडणी) करून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की दुसऱ्या उपकरणावर लिहून ठेवल्याशिवाय बायोसला हात लावू नका.