1972 ची एमजीबी सुधारून घ्यावी की एमएक्स-5 घ्यावी?

दख्खनी_चाक

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळ राहतो. माझ्याकडे 1972 ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश एमजी कंपनीची टप उघडणारी दोन आसनी गाडी) आहे: क्रोमचे बंपर, 1798 सीसीचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी जोड-यंत्रणा) नसलेली चार गिअरची पेटी. नऊ वर्षांपूर्वी घेतली तेव्हा ती केवळ रविवारी टप उघडून गावाबाहेर फिरण्यासाठी होती आणि त्या कामात तिने मला कधीही दगा दिला नाही. आता मात्र नोकरी बदलल्यामुळे आठवड्यातून दोन दिवस एम1 महामार्गाने लेस्टरला जावे लागते. ताशी 70 मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे 3900 फेरे घेत असते, कानठळ्या बसतात आणि पुढच्या आधुनिक गाडीने अचानक ब्रेक दाबला की पोटात गोळा येतो.

एका गॅरेजने पाच गिअरची पेटी, मागे टेलिस्कोपिक शॉक अब्सॉर्बर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग असे सगळे मिळून 9000 पौंडांचा अंदाज दिला आहे. त्यात थोडी भर घातली तर चौथ्या पिढीची, 1.5 लिटरची, वापरलेली माझदा एमएक्स-5 घेता येईल. पत्नीच्या मते हा खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दोन्ही गाड्या ठेवण्याइतकी जागा आमच्याकडे नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कव्हेंट्रीकर

मी पेशाने यांत्रिकी अभियंता आहे आणि माझ्याकडे स्वतःची एमजीबी जीटी (याच गाडीचा पक्क्या छताचा प्रकार) आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या यादीतील सर्वांत महागडी वस्तू म्हणजे पाच गिअरची पेटी, आणि नेमकी तीच अनावश्यक वाटते. आपल्याला हवे आहेत ते महामार्गावर इंजिनाचे कमी फेरे. ते काम त्या काळी लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह करत असे आणि आपल्या गाडीच्या वर्षातही तो पर्यायी म्हणून मिळत होता. मूळ चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे गाडी ताशी जेमतेम 18 मैल वेग गाठते, ओव्हरड्राइव्ह लावला की हा आकडा 22 च्या आसपास जातो, म्हणजे 70 मैलांना 3900 ऐवजी साधारण 3200 फेरे पडतात. ओव्हरड्राइव्हसह जुनी पेटी दुरुस्त करून बसवली तर गाडी मूळ रूपातच राहते, विकताना तिची किंमत घटत नाही आणि पत्राही कापावा लागत नाही.

शॉक अब्सॉर्बरबद्दलही घाई नको. एमजीबीचे मूळ लिव्हर पद्धतीचे शॉक अब्सॉर्बर बदनाम झाले ते बहुतेक वेळा आतले तेल संपल्यामुळे किंवा कोणी न पाहता पन्नास वर्षे तसेच चालवल्यामुळे. ते दुरुस्त करून घ्यावेत, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले असतील तर बदलावेत आणि रबराचे सगळे बुश नवे घालावेत. एवढ्यानेच गाडी इतकी सावरते की पुढचा खर्च सुचतही नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र निःसंकोच करावे. 1968 पासूनच्या गाड्यांमध्ये अर्थिंग निगेटिव्ह (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले) असल्यामुळे ते सहज बसते, आणि नको झाले तर जुने पॉइंट (ठिणगीसाठीचा यांत्रिक स्विच) पुन्हा लावता येतात.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट तपासा. एमजीबीला वेगळी चासी नसते. दारांखालचे सिल हीच तिची हाडे आहेत. बाहेरचा पत्रा रंगामुळे छान दिसतो आणि आतला सिल व त्याखालची ‘कॅसल’ पट्टी गंजून चाळणी झालेली असते. जॅकच्या जागी फळी ठेवून गाडी थोडी उचला आणि दाराच्या मागच्या कडेची फट बदलते का, दार उघडताना-लावताना घासते का, हे दोन्ही बाजूंना पाहा. तसे झाले तर गिअरपेटीचा विषय तेथेच थांबवा.

पद्मिनीवाला_पुणे

गाडी वेगळी असली तरी दुखणे ओळखीचे आहे. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर काढून मी हौसेने जमिनीवरचा बसवला, नंतर आतली आसने आणि डॅशबोर्डही बदलला. प्रत्येक बदल त्या-त्या वेळी शहाणपणाचाच वाटला होता. पण शेवटी हातात जी गाडी आली ती धड जुनी नव्हती आणि धड नवी नव्हती. मूळ भाग मी भंगारवाल्याला दिले होते, ते पुढे शोधूनही सापडले नाहीत. आपण काहीही बदला, मात्र काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी चिकटवून ठेवा.

सह्याद्री_लंडन

मी थोडा विरुद्ध सूर लावतो. आपला प्रश्न गाडीचा नसून एम1 चा आहे. कितीही पैसे घातले तरी एमजीबीत एबीएस येणार नाही आणि एअरबॅग येणार नाही. अपघातात पत्रा कसा चेपावा याचा विचार तिच्या काळात आजच्यासारखा होत नव्हता. पहिली एमएक्स-5 1989 साली आली तीच मुळी अशा ब्रिटिश रोडस्टरच्या प्रेमातून. आजच्या एमएक्स-5 चे वजन एक टनाच्या आसपास, म्हणजे एमजीबीपेक्षा फार जास्त नाही, तिचे 1.5 लिटरचे इंजिन 130 च्या आसपास अश्वशक्ती देते आणि आपले जुने इंजिन नवे असताना सुमारे 95 देत होते. टप तर बसल्या जागेवरून हाताने मागे टाकता येतो.

तरीही एमजीबी विकू नका, असेच मी म्हणेन. ती चाळीस वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदवता येते; रस्ता कर नाही, लंडनच्या युलेझ (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरील) शुल्कातून सूट आहे आणि गाडी रस्त्यासाठी सुरक्षित आहे का हे पाहणारी दरवर्षीची एमओटी तपासणीही बंधनकारक नाही. मात्र गाडीत मोठे फेरबदल केले तर एमओटीची ही सूट जाते. कोणी व्ही8 म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन टाकण्याचा मोह घातला तर हे ध्यानात असू द्या, कारण सिलिंडरची संख्या मूळपेक्षा वेगळी झाली की तो बहुधा मोठा बदल समजला जातो. विमा कंपनीला तर लहानसहान बदलही कळवावे लागतात.

लेस्टरसाठी एखादी साधी, जुनी हॅचबॅक घ्या. ती रस्त्यावर उभी राहील, पावसात भिजेल आणि तिचे कोणाला वाईटही वाटणार नाही.

दख्खनी_चाक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कव्हेंट्रीकर, काल सायंकाळी आपण सांगितल्याप्रमाणे जॅक लावून पाहिले. उजवी बाजू ठीक आहे. डावे दार मात्र उघडले आणि पुन्हा लागेना. गॅरेजच्या 9000 पौंडांच्या अंदाजात सिलचा उल्लेखही नव्हता, याचे आश्चर्य वाटते. तेव्हा गिअरपेटी रद्द, एमएक्स-5 सुद्धा सध्या रद्द. सह्याद्री यांचा हॅचबॅकचा सल्ला पत्नीने तत्काळ मंजूर केला आहे. सिलचे काम वेल्डरकडे देताना मी कशाचा आग्रह धरावा?

कव्हेंट्रीकर

जुना सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आडवा लोखंडी आधार जोडलाच पाहिजे, नाहीतर गाडी मध्येच खाली बसते आणि नवा सिल त्याच वाकड्या मापाला बसवला जातो. आतला सिल, कॅसल पट्टी आणि बाहेरचा सिल असे तिन्ही बदलून घ्या. फक्त बाहेरून ठिगळ लावणाऱ्याकडे जाऊ नका. मध्ये-मध्ये दार अडकवून फट तपासायला सांगा. शेवटी आतल्या पोकळीत मेण फवारायला विसरू नका आणि शक्य असल्यास त्या दिवशी स्वतः तेथे उभे राहा.