मॅट हा एल पॅट्रोनची नक्कल नव्हे

नॅन्सी फार्मरच्या 'द हाउस ऑफ द स्कॉर्पियन' या कादंबरीबद्दल (मॅट हा त्यातल्या एल पॅट्रोन या म्हाताऱ्या ड्रग-सम्राटाचा क्लोन) वर दोन मतं आलीत: मॅटला कोंबडीसारखं भुशात कोंडण्याचा भाग अतिरंजित आहे, आणि क्लोन म्हणजे मूळ माणसाची नक्कल, मग मॅट वेगळा कसा निघतो? दोन्ही मला पटत नाहीत. (पुढे कथेतलं गुपित फुटतं, वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

मागच्या उन्हाळ्यात आम्ही नागपूरच्या घरी कूलरमधलं जुनं गवत बदलत होतो. माझी तेरा वर्षांची भाची तिथेच हे पुस्तक वाचत बसलेली. वाचता वाचता तिने ओसरीवरचा लाकडाचा कीस मुठीत घेतला, कितीतरी वेळ सोडलाच नाही. "मामा, त्याला बोलायलाच कोणी नाही," एवढंच म्हणाली. अतिरंजित असतं तर तिच्या मुठीपर्यंत पोचलं असतं का?

नकलेचं म्हणाल तर एकसारखी जुळी भावंडंही जनुकांनी सारखीच असतात, तरी माणसं दोन. 1996 साली क्लोन करून जन्मलेली डॉली मेंढीसुद्धा कोकरू म्हणूनच जन्मली, मूळ मेंढीच्या वयाची नव्हे. एल पॅट्रोनला स्वतःला बसवायला मॅटचं हृदय हवं असतं, बाकी मॅट नको असतो. मॅटला घडवते ती त्याला सांभाळणारी स्वयंपाकीण सेलिया. ते हृदय निरुपयोगी व्हावं म्हणून ती त्याला थोडं थोडं आर्सेनिक देते, तो प्रसंग मी दोनदा वाचला. जीव वाचवायला विष घालणारी आई मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात भेटलेली नाही.

शेवटचा कारखान्याचा भाग लांबलाय असंही वर म्हटलंय, तिथे मात्र तुमच्याशी सहमत.