फाइलचा प्रकार तिच्या नावात कशाला?

कुळागर, फोंडा

मामाने जमिनीचा एक-चौदाचा उतारा डाउनलोड केला आणि पुढे ओळखता यावा म्हणून फाइलीचं नाव ठेवलं ‘उतारा आई १२.०३.२५’. शेवटचं ‘डॉट पीडीएफ’ त्याला कचरा वाटलं, खोडून टाकलं. विंडोजने विचारलं, खरंच बदलू? त्याने हो म्हटलं. संगणक काहीही विचारो, मामा हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन छपाईच्या दुकानात गेला, तर तिथला मुलगा म्हणे फाइल करप्ट आहे, नवीन आणा. करप्ट कसली! शेवटच्या टिंबापुढचं ‘२५’ हाच फाइलचा प्रकार समजून संगणक बसला होता.

माझं म्हणणं असं की नाव माणसाचं आणि प्रकार संगणकाचा. दोन्ही एकाच ओळीत कोंबायचे कशाला? आणि गंमत बघा, विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये ते कोंबलेले नव्हतेच. नावाला ८ अक्षरं, प्रकाराला ३, असे डिस्कवर दोन वेगळे कप्पे होते. मधलं टिंब डिस्कवर लिहिलंच जात नव्हतं, फक्त पडद्यावर दिसायचं. १९९५ साली विंडोज ९५ मध्ये लांब नावं आली आणि प्रकार त्या लांब नावाची शेपटी होऊन राहिला.

मॅकिंटॉशने १९८४ पासूनच हे नीट केलं होतं. प्रत्येक फाइलीबरोबर चार-चार अक्षरांचे दोन कोड असायचे: एक प्रकाराचा, दुसरा ती बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा. नाव काहीही ठेवा, फाइल उघडायची. नव्वदच्या दशकातल्या बीओएस (BeOS) या ऑपरेटिंग सिस्टिमने तर प्रकार फाइल सिस्टिममध्येच गुणधर्म म्हणून साठवला. हे सोडून आपण शेपट्या सांभाळतोय.

काउंटरवरून, म्हापसा

त्या दुकानातला मुलगा मी नव्हे, पण धंदा तोच. दिवसाला पन्नास पेनड्राइव्ह हातातून जातात, म्हणून सांगतो.

तुमचा तो सुंदर वेगळा कप्पा पेनड्राइव्हवर चढत नाही. पेनड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत म्हणजे बहुतेक वेळा फॅट ३२, तिच्यात नाव, तारीख, आकार आणि दोन-चार खुणा, एवढंच सामान जातं. मेल, व्हॉट्सॲप, सगळीकडे तीच गत. मॅकवाल्यांनी फाइल पीसीवर पाठवली की दोन्ही कोड वाटेत गळायचे. म्हणून तर बिनहेक्स आणि मॅकबायनरी अशी गाठोडी बांधावी लागायची. शेवटी ॲपलनेच हात टेकले. मॅक ओएस टेनमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे हीच शेपटी, आलं आणि २००९ च्या आवृत्तीपासून बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड विचारात घेणंही बंद झालं.

शेपटी कुरूप आहे, मान्य. पण नदी ओलांडली तरी ती फाइलीबरोबर असते. आणि मामाला ती दिसलीच कशी? विंडोज तर मुळात लपवूनच ठेवतं.

कुळागर, फोंडा

मीच दाखवायला लावली होती. सुरक्षेसाठी. (हसू नका.)

कारण २००० सालचा तो लव्ह लेटर व्हायरस. फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, व्हीबीएस म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्रॅम. विंडोजने व्हीबीएस लपवलं, लोकांना टीएक्सटी दिसलं, प्रेमपत्र म्हणून उघडलं, आणि जगभरच्या मेलबॉक्स कोसळल्या. नावावर विश्वास ठेवायचा तो हा असा?

काउंटरवरून, म्हापसा

हा दोष शेपटीचा की ती झाकणाऱ्याचा? दुकानाची पाटी झाकून ठेवायची आणि गिऱ्हाईक चुकीच्या दारात शिरलं की पाटीला शिव्या घालायच्या.

टर्मिनल, वेर्णा

पाटी, कप्पे, कशालाच विचारू नका. दार उघडून आत बघा. युनिक्समध्ये ‘फाइल’ नावाची आज्ञा १९७३ पासून हेच करते आहे. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरं असतात. झिपच्या सुरुवातीला ‘पीके’, म्हणजे ती बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. कुळागर, तुमच्या मामाची फाइल माझ्याकडे अर्ध्या सेकंदात ओळखली गेली असती.

व्हायरसचंही तेच. आमच्याकडे फाइल चालवायची की नाही हे नाव ठरवत नाही, त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते.

काउंटरवरून, म्हापसा

पात्रांव, ‘पीके’ दिसलं म्हणजे झिप? वर्डची डॉक्स पीके, लिबरऑफिसची ओडीटी पीके, ई-पुस्तकाची ईपब पीके, अँड्रॉइडची एपीके पीके. बारशापासून बाराव्यापर्यंत एकच अंगरखा. मग आणखी आत शिरा, एकेक कागद उलटा. शंभर फाइलींचं फोल्डर नेटवर्कवरून उघडताना हे करून बघा, चहा पिऊन याल.

आणि साध्या मजकुराला तर काही खूणच नसते. विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये ‘बुश हिड द फॅक्ट्स’ एवढंच लिहून सेव्ह करा, परत उघडलं की चिनी अक्षरं नाहीतर चौकोन. नोटपॅडने बाइट बघून अंदाज बांधला आणि तो चुकला. ब्राउझरचंही तेच झालं. सर्व्हर म्हणतो हा साधा मजकूर, इंटरनेट एक्सप्लोरर आत डोकावून म्हणतो नाही, एचटीएमएल दिसतंय, आणि आतली स्क्रिप्ट चालवून मोकळा. शेवटी मायक्रोसॉफ्टला २००८ साली ‘डोकावू नकोस’ असं ब्राउझरला सांगणारा हेडर, म्हणजे सर्व्हरने पानाबरोबर पाठवायची सूचना, काढावा लागला.

टर्मिनल, वेर्णा

अंदाज चुकतो, कबूल. म्हणून लिनक्सच्या डेस्कटॉपवर फाइल मॅनेजर साधारण आधी नावच बघतो आणि नाव काही सांगेना तर आत डोकावतो. मामाच्या फाइलीला तेवढं पुरेसं होतं. विंडोज तेवढेही कष्ट घेत नाही, हीच माझी तक्रार.

जुनी छपाई, पणजी

तुम्हा तिघांचं भांडण वाचून मला माझी जुन्या फाइलींची पेटी आठवली. नव्वदच्या दशकात जत्रेतल्या नाटकांच्या संहिता मी संगणकावर उतरवून द्यायचो. सगळ्या लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणारं युनिकोड कुठलं, मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरी. काही संहिता साध्या टीएक्सटी म्हणून ठेवल्या. गेल्या वर्षी उघडल्या. एक्स्टेन्शन बरोबर, फाइल धडधाकट, ‘फाइल’ आज्ञेलाही विचारलं तर म्हणते मजकूर आहे. आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा चिवडा! राजा, विदूषक, सगळे त्या चिवड्यात.

कुठला फॉन्ट हे त्या फाइलीत कुठेच लिहिलेलं नाही. वर्डमध्ये ठेवलेल्या वाचल्या, कारण तिथे फॉन्टचं नाव आत राहतं. एका मंडळाची संहिता मी चार कन्व्हर्टरमधून घातली. तिसऱ्यात ‘महाराज’ असा शब्द दिसला तेव्हा कळलं, हाच तो. म्हणजे शेवटी ओळखलं ते माणसाच्या डोळ्याने.

तेव्हा कुळागर, तुमच्या बाजूने एक मत. पण त्या कप्प्यात नुसतं ‘मजकूर’ लिहून भागत नाही. कुठल्या सांकेतिक लिपीतला, तेही हवं. आपल्याकडे तर देवनागरी दिसली तरी आत मराठी आहे की कोंकणी, हे यंत्राने सांगितलेलं मी अजून पूर्ण मानत नाही.

काउंटरवरून, म्हापसा

काका, तुमच्या त्या फाइली १९९६ साली कप्प्यात फॉन्टचं नाव घालून ठेवल्या असत्या, तरी फ्लॉपीवरून सीडी, सीडीवरून पेनड्राइव्ह करता करता कप्पा केव्हाच गळाला असता. फॉन्टचं नाव फाइलीच्या नावातच लिहिलं असतंत तर आज चार कन्व्हर्टर लागले नसते.

जुनी छपाई, पणजी

हे मात्र खरं बोललात. तीन फाइलींना मी तसं केलं होतं, आणि त्या तीनच पहिल्या फटक्यात उघडल्या.

टर्मिनल, वेर्णा

कुळागर, उताऱ्याचं काय झालं मग?

कुळागर, फोंडा

छापला. दुकानातच नावापुढे डॉट पीडीएफ लिहिलं, लगेच उघडला. मामा शेजारी उभा राहून बघत होता. आता तो घरी प्रत्येक फाइलीच्या शेवटी न चुकता डॉट पीडीएफ लिहितो. काल त्याने भाचीच्या लग्नाचे एकशे चाळीस फोटो पाठवलेत. एकही उघडत नाहीये.