अँपसमोर माइक की थेट इंटरफेस?
सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात, भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असताना, अँपसमोर (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरसमोर) माइक ठेवून रेकॉर्डिंग करावे की इलेक्ट्रिक गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला (गिटारचा सिग्नल संगणकात नेणाऱ्या उपकरणाला) जोडावी, असे आपण विचारले आहे. माझे मत निःसंशय दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. शुअर एसएम ५७ हा १९६५ पासून चालत आलेला माइक उत्तमच आहे, परंतु अँपचा आवाज मोकळेपणाने वाढवता आला तरच त्याचे चीज होते. तिथल्या दाट वस्तीत रात्री ते शेजाऱ्यांना सोसवणार नाही आणि दिवसा मागाची खटखट रेकॉर्डिंगमध्ये उतरल्याशिवाय राहणार नाही.

इंटरफेस घेताना त्यावर गिटारसाठीचे हाय-झेड (उच्च रोधाचे) इनपुट आहे ना, हे मात्र आवर्जून पाहावे. साध्या पिकअपला (तारांची कंपने टिपणाऱ्या गिटारवरील चुंबकीय भागाला) सुमारे १ मेगाओहमचे इनपुट लागते. तीच केबल १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावली तर वरच्या पट्टीतली चमक दबते आणि मग अँपचा आवाज संगणकात घडवणारे कितीही महागडे सॉफ्टवेअर घेतले तरी ती पूर्ववत होत नाही.

सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असल्यास वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण हमखास येईल. चार्जर आणि मॉनिटरपासून दूर बसून गिटार हळूहळू फिरवत गेल्यास एका कोनात ती बरीच ओसरते. तिथेच बसून वाजवावे. या गुणगुणीवर उपाय म्हणून नवे पेडल घेण्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. अँपचे स्पीकर आउटपुट मात्र इंटरफेसला कधीही थेट जोडू नये, कारण त्याने इनपुट जळू शकते.